मज्जा

हडर्सफील्डच्या रुग्णालयात
तळमजल्यावर माझी बिनखिडकीची खोली.
रात्रीचे अडीच. यंत्र नळ्या गिळतं, आकडे ओकतं,
आणि जे त्याला पटत नाही
ते माझ्याकडे ढकलतं : बाई, तुम्हीच बघा.

शनिवारचं रक्त लांबूनच ओळखू येतं.
चिठ्ठीवर घाईचं अक्षर,
वय एकतीस, छातीत धडधड, नाकावाटे पूड.
हिमोग्लोबिन चक्क चढलेलं.
नवा मुलगा कायरन विचारतो,
म्हणजे पुडीने रक्त वाढतं की काय?

नाही रे बाळा.
प्लीहा दचकून आवळली,
अडीअडचणीला ठेवलेल्या तांबड्या पेशी
एका दमात बाहेर काढल्या तिने.
ही कमाई नव्हे. मुदतठेव मोडली.
उजाडेपर्यंत आकडा मुकाट खाली येईल,
आणि मज्जेला यातलं काही कळलेलंही नसेल.

मज्जा.
रेवा सात वर्षांची असताना हसली होती :
आई, हाडांत मज्जा असते?
मग हाडं एवढी गंभीर का?
तिच्या मराठीत तेव्हा दोनच मज्जा होत्या,
एक जत्रेतली, एक आइस्क्रीमची.
ही तिसरी मी तिला नीट समजावलीच नाही.

उतावळ्या नवऱ्याचं बाशिंग गुडघ्याला,
पण मोठ्या माणसाच्या गुडघ्यात
मज्जेचं काम कधीच थांबलेलं असतं.
ती बसते कमरेच्या हाडात, छातीच्या फळीत, मणक्यांत,
आणि विरजणासारखी आपल्या वेळेने लागते.
हलवू नका, झाकण उघडून बघू नका.
आठवड्याने एक कोवळी पेशी बाहेर पडते,
चार महिने धावते आणि विझते.
हृदयाला चाबूक मारता येतो.
मज्जेला नाही. तिला लोखंड लागतं,
आणि लोखंड ताटातून येतं.

रेवा आता सतरा.
गेल्या सप्टेंबरपासून सकाळी एक गोळी, पांढरी, डॉक्टरांची.
तिला बोल लावणार नाही मी.
याच गोळीने माझी मुलगी पहिल्यांदा
एक पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचू शकली
आणि रडत माझ्याकडे आली : सगळ्यांना हे असंच जमतं?
फक्त डबा तसाच परत यायला लागला.
पोळीची गुंडाळी, जशी दिली तशी, घट्ट.
भूक? ती म्हणायची, विसरले.
जिना चढताना मध्येच थांबायची, मोबाइल बघतेय असं दाखवत.
अन् मी, रोज शेकडो लोकांचं रक्त वाचणारी,
मी तिला म्हणाले, जरा लवकर झोपत जा.

आज तिची नळी आली.
घरच्या माणसाचं रक्त आपण तपासू नये,
म्हणून कायरनच्या हातात दिली.
त्याने काच रंगवली, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला,
बराच वेळ लावून ठेवला.
मग नुसतंच म्हणाला, लहान आहेत. फिकट.
कोवळ्या?
कमी.
त्याने विचारलं, चहा टाकू का.
मी म्हणाले, टाक.

सकाळी घरी आले तर ती ओट्याजवळ उभी,
एका हातात गोळी, दुसऱ्यात पाण्याचा पेला.
थांब म्हटलं. गोळी घे, पण आधी हे.
ब्रॅडफर्डहून आणलेले अळीव
मी कालच नारळाच्या पाण्यात भिजवले होते,
गूळ घालून लाडू वळले होते, वाकडेतिकडे.
हे काय, मातीसारखं दिसतंय.
लोखंड आहे, खा.
डॉक्टरांशी बोलायचंय, वेळा बदलायच्यात, डोस बघायचाय,
ते सगळं सोमवारी. आत्ता लाडू.

ती गणिताची वही उघडून बसली.
एक घास. पेन्सिल. बराच वेळ काही नाही.
मी कोट काढला नाही, खुर्ची ओढली नाही,
आवाज झाला तर तिचं लक्ष जाईल म्हणून.
मग वहीवरची नजर न हलवता
तिचा हात ताटलीकडे गेला.